न निघालेला पाचवा भाग

भंडाऱ्याच्या रद्दीच्या दुकानात त्या परीकथेचा चौथा भाग हाती आला आणि पिवळ्या पानांतून तंबाखूचा उग्र वास आला. "पाचवा निघालाच नाही, बाई. छापणारेच बुडाले," दुकानदार म्हणाला.

सत्तरच्या दशकात, आसगावला, आमच्या ओसरीवर बाया विड्या वळायच्या. मी त्यांना वाचून दाखवायची. माझ्या वाट्याच्या विड्या त्या वळून द्यायच्या. एका दुपारी चौथा भाग संपला, तेव्हा ढगांच्या देशात हरवलेली मुलगी अजून वाटेतच होती. खोकल्याने खंगलेल्या रुक्मामावशीची कात्री ओल्या तेंदूपानावर थांबली.

"मंग थे घरी पोचली का नाही?"

"पाचव्या भागात कळन."

"तोपर्यंत मी रायतो का वो? तूच सांग ना मनानं."

"मनानं नाही सांगत, मावशी. पुस्तकात रायते तेच खरं."

"मोठी मास्तरीण झाली वो हे!" बाया हसल्या. मावशीही हसली, आणि पुन्हा पान कापू लागली.

दिवाळीआधीच ती गेली. ज्या पुस्तकाच्या भरवशावर मी तिला नकार दिला, ते कधी जन्मलेच नव्हते. 'पोचली, मावशी,' एवढेच तर म्हणायचे होते.