मृणालच्या नावापुढची रिकामी जागा

कुडाळहून मुंबईची बस पकडली तेव्हा पिशवीत आमसुलं होती आणि कुळथाचं पीठ होतं. माझी भाची मृणाल भारताच्या महिला टेनिस संघात होती आणि लढत चक्क अंधेरीला, तिच्या घरापासून जवळच होती. यापूर्वीही तिची निवड झाली होती, पण दर वेळी राखीव म्हणून. इतरांना सराव द्यायचा, टॉवेल पुढे करायचे, टाळ्या वाजवायच्या. देशासाठी खेळलेल्या सामन्यांची नोंद वेगळी ठेवतात. तिथे हिच्या नावापुढे जिंकले शून्य, हरले शून्य. तिशी उलटलेली, म्हणजे ही बहुधा शेवटचीच संधी.

कांदिवलीला उतरून रिक्षा केली. चारकोपचे सगळे सेक्टर मला एकसारखेच दिसतात. भलत्याच सेक्टरमधल्या भलत्याच 'साईकृपा'त शिरले आणि दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या हातात कुळथाचं पीठ देऊन मोकळी झाले.

"मावशी, चुकलात वाटतं," ते हसले. "पीठ मात्र ठेवलंत तरी चालेल हां!"

दादाकडे, म्हणजे मृणालच्या घरी पोचले तर वहिनींनी खारदांड्याहून आणलेल्या बोंबलांचं तिखलं (कमी रश्शाचं झणझणीत कालवण) केलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. दादाचं जेवणात लक्षच नव्हतं.

"शैला, हरली तरी चालेल गं," तो म्हणाला. "एकदा खेळवू देत तिला."

दुसऱ्या दिवशी मेट्रोने अंधेरी गाठली. तीन सामन्यांपैकी एकेरीचे दोन्ही आपल्या मुलींनी झटपट जिंकले आणि लढत खिशात घातली. सगळे नाचत होते, दादाचा चेहरा मात्र पडला. निकाल लागल्यावर उरलेली दुहेरी कधी कधी खेळवतच नाहीत.

"लवकर जिंकून वाट लावली यार पोरींनी," तो पुटपुटला.

तेवढ्यात घोषणा झाली. दुहेरी होणार आणि मृणाल खेळणार! वहिनींनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

पहिलीच सर्व्हिस जाळ्यात गेली. मग मात्र पोरगी रंगात आली. शेजारी बसलेल्या कॉलेजकन्येने विचारलं, "काकू, ही तुमची कोण?"

"भाची."

"झकास व्हॉली मारते ना!"

व्हॉली म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक? तरी मी ऐटीत मान डोलावली. मृणाल शेवटच्या टायब्रेकपर्यंत झुंजली आणि थोडक्यात हरली.

बाहेर येऊन बघते तर दादा दिसेल त्याला पेढे वाटतोय.

"बाबा, हरले ना मी! पेढे कसले वाटतोस?" मृणाल वैतागली.

"हरायला तरी देशाने तुलाच उतरवलं ना गं?" एवढं बोलून तो तिथेच, फुटपाथवर, ढसाढसा रडला. मलाही आवरलं नाही.

कुडाळला परतले तर शेजारची सुमन अंगणातच उभी. "काय गो, जिकली काय भाची?"

"नाय," मी म्हटलं. "हरली. भारतासाठी खेळान हरली."

जिंकलेले चषक आमच्या वाडीत घरोघरी आहेत. देशासाठी हरलेली मुलगी फक्त आमच्या घरात आहे.