अंतराचा दाखला

मागायचीही एक पद्धत असते, आणि माझ्या मैत्रिणीची पद्धत चोख होती. ती घरी आली नाही, पेढे आणले नाहीत, मुलांची चौकशी करत अर्धा तास घालवला नाही. ऑफिसच्या वेळेत, सगळ्यांसमोर, माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसली, पर्समधून अर्ज काढला आणि म्हणाली, "काम वाकडं आहे. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण आज लगेच सांगू नकोस, दोन दिवस विचार कर."

आमची ओळख नगरच्या होस्टेलवरची. मी डिप्लोमा करत होते, ती डी.एड. एका खोलीत दोन वर्षं काढली. पुढे ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि मी तालुक्याच्या बांधकाम उपविभागात रस्त्यांचं काम बघायला लागले. तिची शाळा कर्जतच्या हद्दीला, आणि सासर काष्टीच्या अलीकडे. नवराही शिक्षक, तो गावातल्याच शाळेत. म्हणजे सर घरापासून पाच मिनिटांवर आणि ही रोज स्कूटीवर तास-तास जाऊन-येऊन. अकरा वर्षं तिने हे केलं होतं आणि त्याबद्दल माझ्याकडे एकदाही रडगाणं गायलं नव्हतं.

पण त्या वर्षी तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा म्हातारीला उचलायला, बसवायला, भरवायला घरात बाईमाणूस नाही. सर मधल्या सुट्टीत धावत येऊन जायचे, शेजारीण डोकावायची. ते काही पुरत नव्हतं. आणि नेमक्या त्याच वर्षी शिक्षकांच्या बदल्या निघाल्या.

बदल्यांचा एक नियम आहे. नवरा-बायको दोघेही शिक्षक असतील आणि दोघांच्या शाळांमध्ये तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्यांना बदलीत आधी संधी मिळते. ते अंतर जवळच्या वाहतूकयोग्य रस्त्याने मोजायचं आणि त्याचा दाखला आमच्या ऑफिसने द्यायचा. तिच्या गावाजवळच्या एका वस्तीवर शाळा होती, घरापासून चार किलोमीटर. दाखला मिळाला तर ती शाळा तिला मागता येणार होती. तिथे जो शिक्षक होता त्याला उठून दुसरीकडे जावं लागलं असतं. शिक्षक लोक याला खो बसणं म्हणतात.

अडचण एवढीच होती की दोन रस्ते होते. डांबरी मोठा रस्ता एका बाजूने वळसा घालून जातो, त्याने अंतर तीसच्या वर भरतं. दुसरा पाटाच्या कडेने जाणारा रस्ता. कच्चा, पण सरळ. ती रोज त्याच रस्त्याने जायची, आणि त्याने अंतर तीसच्या आत येतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी फक्त डांबरी रस्ता मोजावा आणि पाटाचा रस्ता मला माहीतच नाही असं समजून दाखला द्यावा, एवढंच तिचं म्हणणं.

मी तिला सांगितलं की मी दोन्ही रस्ते मोजीन आणि जो आकडा निघेल तो लिहीन. ती म्हणाली, "मोज. तुझा मीटर मला आज कळला का?"

होस्टेलवर असताना मी मेसच्या पोळ्या मोजत असे. त्यावरून हे टोमणे अजून सुरू आहेत.

ऑफिसची जीप गॅरेजमध्ये होती, ती बहुतेक वेळा तिथेच असते. मी शनिवारी माझ्या गाडीवर निघाले. मला सुट्टी, आणि तिची सकाळची शाळा, त्यामुळे तीही अकराच्या सुमाराला मोकळी होणार होती. सरांच्या शाळेच्या फाटकापाशी मीटर शून्यावर आणला. सरांनी वर्गातून मला पाहिलं, हात जोडले आणि पुन्हा फळ्याकडे वळले. त्यांना या सगळ्यातलं किती माहीत होतं हे मी कधी विचारलं नाही.

शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. समोरून बैल, म्हशी, शेळ्या भरलेले टेम्पो येत होते आणि त्यांना वाट देत देत मी डांबरी रस्त्याने तिच्या शाळेच्या फाटकापाशी पोहोचले. मीटरवर एकतीस किलोमीटर चारशे मीटर.

शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मी पाणी प्यायला वर्गात गेले. तिची शाळा मी प्रथमच पाहत होते. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. पण त्या दोन खोल्यांत जे होतं ते मी मोठमोठ्या शाळांत पाहिलेलं नाही. दारापाशी तराजू टांगलेला, त्यात पोरं शेंगा, खडे, कांदे तोलायची. फरशीवर पट्टीच्या खुणा रंगवलेल्या, म्हणजे पोरांनी आडवं पडायचं आणि आपली उंची मोजायची. शाळेपासून विहिरीपर्यंत किती पावलं, किती मीटर, हे खडूने भिंतीवर लिहिलेलं. मोजमाप हा माझा धंदा आहे, आणि ते इतकं नीट शिकवलेलं मी कॉलेजातसुद्धा पाहिलं नव्हतं.

खिडकीशेजारी एक मोठा तक्ता होता. पोरांनीच काढलेला. वर लिहिलं होतं: बाईंचा रस्ता. डावीकडे सरांची शाळा, उजवीकडे आपली शाळा, मध्ये निळा पाट आणि त्याच्या कडेने तांबडी रेघ. रेघेवर पंप हाऊस, बाभळीची रांग, मोरी, एक कुत्रं. प्रत्येक खुणेपाशी अंतर, आणि खाली सगळ्यांची बेरीज. अठ्ठावीस किलोमीटर सहाशे मीटर.

मी तक्त्याकडे बघते आहे हे पाहून तिसरीतली एक पोरगी उठून आली आणि न विचारता सांगायला लागली. "बाई रोज पाटानंच येत्यात. बाई सांगत्यात मीटरवर किती झालं, आन् आमी लिवतो. ते कुत्रं आता न्हाई, गेलं."

मैत्रीण फळ्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शांतपणे गृहपाठ सांगितला, पोरांना रांगेत सोडलं, खोल्यांना कुलपं लावली आणि आपल्या स्कूटीवर पुढे झाली. मी मीटर पुन्हा शून्यावर आणून तिच्या मागे. ती त्या रस्त्यावर ज्या सराईतपणे गाडी चालवत होती ते बघण्यासारखं होतं. कुठे खडी सुटली आहे, कुठे पाणी झिरपून निसरडं झालंय, कुठे चाक कडेने घ्यायचं, सगळं तिच्या हातांना पाठ. मी रस्त्यांच्या खात्यातली, आणि दोनदा पडता पडता वाचले.

मोरीपाशी ती थांबली. मीही थांबले. तोवर माझ्या डोक्यात एक वाट तयार झाली होती, आणि ती मी तिला सांगितली. हा रस्ता पाटबंधारे खात्याचा. आमच्या रस्त्यांच्या रजिस्टरमध्ये तो नाही, त्याला क्रमांक नाही. ऑफिसने रजिस्टरवरून दाखला दिला तर एकतीस किलोमीटर चारशे मीटर हाच आकडा येतो. कुणी चौकशी केली तरी रजिस्टर दाखवता येईल. मी नाही म्हणायला निघाले होते हे खरं, पण ती शाळा पाहिल्यावर माझं मन हललं. अशी बाई रोज दोन तास रस्त्यावर आणि तिची सासू घरात एकटी, हे मला पटेना. मी स्पष्ट म्हणाले, "मी लिहिते एकतीस. ते खोटं नाही."

तिने हेल्मेट काढलं. 

"तुझ्या रजिस्टरात ते खरं असेल गं," ती म्हणाली. "माझ्या वर्गात खोटंच आहे."

मग तिने सांगितलं ते असं. मी शनिवारी येणार हे कळल्यावर शुक्रवारी तिने तो तक्ता काढून कपाटात ठेवला होता. पोरांनी लगेच विचारलं, बाई, आपला रस्ता कुठं गेला. ही म्हणाली, त्याच्यामागे पाल होती. मग दोन पोरी झाडू घेऊन पाल शोधायला लागल्या. बाकं सरकवली, कपाट हलवलं, मधली सुट्टी पालीत गेली. शेवटी एक पोरगी म्हणाली, "बाई, पाल न्हाई, आता लावू का?"

"पाल," मैत्रीण म्हणाली. "अकरा वर्षं मी ह्यांना सांगते, मोजाल तेच लिहा. आणि पाल."

तक्ता तिने तेव्हाच स्वतःच्या हातांनी परत लावला होता. म्हणजे तिचा निर्णय शुक्रवारीच झाला होता. मला शनिवारी उन्हातून साठ किलोमीटर कशाला फिरवलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली की अर्ज दिलाय, तर मोजणी व्हायला हवी. शिवाय तू काय करतेस ते बघायचं होतं. मी काय केलं होतं ते दोघींना माहीत होतं.

दाखला मी अठ्ठावीस किलोमीटर सहाशे मीटरचा दिला. पोरांच्या आणि माझ्या मोजणीत पन्नास मीटरचासुद्धा फरक आला नाही. तिने तो नेला आणि फॉर्मला जोडला. जोडायची काही गरज नव्हती. बदली झाली नाही हे सांगायला नकोच. शिक्षकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तिच्यावर बरंच बोललं गेलं, कारण त्या बाजूच्या आणखी दोन जोडप्यांचे दाखले डांबरी रस्त्याने निघाले होते आणि तिच्या दाखल्यावर पाटाचा रस्ता आल्यामुळे आता सगळ्यांची चौकशी होणार होती. त्यांतले एक सर माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले, "बाईंनी आपलं नाक कापून आम्हाला अपशकुन केला." मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की नाक अजून जागेवर आहे, मी कालच पाहिलं.

माझ्यावर ती पंधरा दिवस रागावली होती. नाही म्हटल्याबद्दल नाही. ऐनवेळी हो म्हटल्याबद्दल. नकार गृहीत धरून आले होते, तू मला मोहात पाडलंस, असं तिचं म्हणणं. ते खरं आहे, आणि मला ते अजून टोचतं.

पुढे तिने वेगळी सोय केली. वस्तीवरची एक बाई दिवसभरासाठी ठेवली, स्वतः पहाटे चारला उठून सासूबाईंचं सगळं आवरायची, आणि सरांना आईचा लंगोट बदलायला शिकवलं. आमच्या भागात हे सरांनी केलं याचीच जास्त चर्चा झाली. ते तिने रोज केलं त्याची कुणी केली नाही.

सासूबाई दीड वर्षाने गेल्या. दुपारी दोनला, आठवड्याच्या मधल्या वारी. ती शाळेत होती. फोन आल्यावर पाटाच्या रस्त्याने निघाली, पण पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी दहाव्याला गेले. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत भांडी पुसत बसलो होतो. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "मी तेव्हा ऐकायला नको होतं तुझं. एकतीस लिहून टाकायला हवं होतं."

"गप," ती म्हणाली. "म्हातारीला माझ्यासमोर जायचं नसेल. आयुष्यभर माझ्याशी एका गोष्टीवर एकमत नाही झालं तिचं, हे तरी कसं होईल." मग पातेलं उपडं ठेवत हळूच म्हणाली, "आणि ज्यांना खो बसला असता त्या वस्तीवरच्या मास्तरांची पोरगी त्या वर्षी दहावीला होती. मला नंतर कळलं."

ती रडली नाही, मीही नाही. भांडी बरीच होती.

यंदा पुन्हा बदल्या निघाल्या. आता तिची एवढी वर्षं झाली आहेत की कुठल्याही दाखल्याशिवाय तिचा नंबर लागला असता. वस्तीवरचे मास्तर निवृत्त झालेत, ती जागाही रिकामी आहे. मी फोन करून आठवण करून दिली की फॉर्मची मुदत संपत आली. ती म्हणाली, फॉर्म भरलेला नाही, भरणारही नाही. मी विचारलं, का? मागून पोरांचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्याने पाढे म्हणत होतं.

"आता मला लवकर घरी बोलावणारं कोण आहे?" ती म्हणाली, आणि तास सुरू आहे असं सांगून तिने फोन ठेवला.