थारोळ्यावरचं पान

साईनाथला लहानपणापासून चौकशीची खोड. लग्नाला गेला तर जेवणाआधी आचारी कुठला ते विचारणार, मयतीला गेला तर गेलेला माणूस शेवटी काय म्हणाला ते. मांजरी गावात त्याला माघारी सीआयडी म्हणत आणि ते त्याला माहीत होतं, कारण तेही त्याने चौकशी करूनच काढलं होतं. पण पन्नाशी उलटेपर्यंत आपल्याच घरातली एक गोष्ट त्याला उलगडली नव्हती.

ती गोष्ट म्हणजे गड्याचं पान. पितृपंधरवड्यातल्या दशमीला त्यांच्या घरी पित्तर असे. खापरपणजोबा कचरू, पणजोबा सोनबा, आजोबा, वडील, सगळ्यांची पानं घरात ओळीने मांडली जात. खीर, वडे, कढी, आळूच्या वड्या, गवारीची भाजी, काही म्हणून कमी नसे. आणि एक पान निराळं. त्यावर बाजरीची भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा, एवढंच. ते घरात मांडायचं नाही. शेतातल्या विहिरीवर, जिथे पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी थारोळ्यावर नेऊन ठेवायचं आणि मागे वळून न बघता यायचं. कोणाचं पान, तर म्हणे गड्याचं. कोण गडी, कुठला, ते कोणाला ठाऊक नव्हतं. भाकरी-कांदा खाणारा आणि घराबाहेर जेवणारा म्हणजे सालगडीच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

गेल्या वर्षी आई गेली. जाण्याआधी दोन दिवस तिने साईनाथला जवळ बोलावलं.

"पित्तराला गड्याचं पान चुकवू नको."

"कुठला गडी गं?"

"मला ठावं न्हाय. सासूबाईंनी सांगितलं, मी केलं. तू बी कर."

साईनाथने शब्द दिला. आता तो शब्द पाळायचा तर मोठी पंचाईत होती. विहिरीसकट राहिलेलं सगळं रान गृहप्रकल्पाला गेलं होतं आणि घटस्थापनेनंतर विहीर बुजवायची ठरली होती. साईनाथ स्वतः सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. म्हणजे यंदाचं पान विहिरीवरचं शेवटचं. पुढच्या वर्षी ठेवायचं कुठे?

तो पोपटआबांकडे गेला. पोपटआबा सोनबाचा धाकटा मुलगा, म्हणजे साईनाथचा चुलत आजा. वय ब्याऐंशी, कान तीक्ष्ण, सोयीचं तेवढं ऐकणारे.

"जागा हाय तवर नाव लागत न्हाय," आबा म्हणाले. "पान कुठं ठिवलं ते ज्याचं त्याला कळतं. जागा गेली की नावानं हाक मारावी लागती. नाव न्हाय तर पान बंद करायचं. म्होरल्या साली करू नगंस."

"पण नाव काय होतं गड्याचं?"

"गड्यांची नावं कोन ल्हितं?" आबांनी कूस बदलली. मुलाखत संपली.

बंद करायचं, हे साईनाथच्या मनाला लागलं. आईने मरताना एकच गोष्ट मागितली होती आणि तीही आपण एका वर्षात मोडीत काढायची? श्रावणाचा महिना हाताशी होता. तेवढ्यात नाव शोधायचं असं त्याने ठरवलं. ऊस संशोधन संस्थेच्या रोपवाटिकेत तो कामाला होता. रोप सुकलं तर आधी मुळाशी उकरून बघायचं, ही तिथली शिस्त.

घरातली पत्र्याची पेटी त्याने उघडली. जुने सातबारे, शाळेचे दाखले आणि एका फडक्यात गुंडाळलेले मोडी लिपीतले चार कागद. त्यातला एक कागद घरात सगळ्यांना माहीत होता. त्याच्या तळाशी शाईने छोटासा नांगर काढलेला होता. सही न येणाऱ्याने पूर्वी अशी निशाणी काढायची, कुणब्याने नांगर, सुताराने पटाशी. म्हणून त्याला घरात गड्याचा कागद म्हणत. वाचला मात्र कोणी नव्हता, कारण मोडी कोणालाच येत नव्हती.

मुलगी वैष्णवी आयटीत होती. तिने मोबाईलवर शोधून सदाशिव पेठेतल्या मंदाकिनीबाईंचा पत्ता काढला. निवृत्त शिक्षिका, मोडी वाचून देतात. "बाबा, रिव्ह्यू एकदम भारी आहेत. फक्त सगळ्यांनी लिहिलंय की बाई ओरडतात."

दारावरच पाटी होती. 'मोडी वाचून मिळेल. कागदात नसलेले वाचून मिळणार नाही.' साईनाथने चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या आणि बेल एकदाच वाजवली.

"कोणता दाखला हवाय?" मंदाकिनीबाईंनी दार उघडता उघडता विचारलं. "हल्ली सगळे जातीच्या दाखल्यालाच येतात."

"दाखला नको. नाव पाहिजे. आमच्या गड्याचं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पाचशे माणसांत एखादाच असा खुळा येत असावा. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, वैष्णवीला पाणी दिलं आणि कागद टेबलावर पसरले. साईनाथने नांगराचा कागद घाईने पुढे सरकवला.

"कागद तारखेनं वाचायचे असतात, उतावळेपणानं नाही," बाई म्हणाल्या आणि तो कागद त्यांनी तिसऱ्या जागी ठेवला.

पहिला कागद एकोणीसशे एकोणीस सालच्या फेरफाराची नक्कल. बाई बोट फिरवत वाचू लागल्या. कचरू बिन मल्हारी मयत. वारस मुलगा सोनबा, वय वर्षे पाच, अज्ञान. पालनकर्ती म्हणून मयताची बहीण सरुबाई हिचे नाव दाखल.

"सरुबाई कोण?" वैष्णवीने विचारलं.

साईनाथला माहीत नव्हतं. घराण्याची वंशावळ त्याने स्वतः फ्रेम करून लावली होती. त्यात कचरू होता, सोनबा होता, सोनबाचे चार मुलगे होते. सरुबाई नावाचं कोणी नव्हतं.

दुसरा कागद पीकपाहणीचा. सर्व्हे नंबर एकच, पीक दरसालचं वेगळं. एकोणीस साली निम्मं रान पडीक. वीस साली बाजरी. एकवीसला बाजरी आणि थोडा हरभरा. बावीसला नवी विहीर. तेविसाला दहा गुंठे ऊस, चोविसाला वीस गुंठे. आणि वहिवाटदाराच्या रकान्यात दरसाल एकच नाव, सरुबाई.

साईनाथ पुढे सरकला. हे असं वाचायला त्याला फार आवडलं. पडीक रानात पहिल्या साली बाजरी, कारण ती थोडक्या पाण्यावर आणि थोडक्या खतावर येते. मग जमीन सुधारायला हरभरा. विहीर होईपर्यंत उसाला हात नाही, आणि विहीर झाल्यावरही आधी दहाच गुंठे. हे पीक घेणारा माणूस धीराचा होता, जपून पाऊल टाकणारा होता.

"विहीर आमच्या सोनबांनी पाडली," तो सवयीने म्हणाला. हे तर अख्ख्या मांजरीला ठाऊक होतं.

"एकोणीसला पाच, बावीसला आठ," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या घराण्यात मुलं फारच लवकर कामाला लागायची."

वैष्णवी खुदकन हसली. साईनाथला मात्र हसू आलं नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी हललं होतं, पण ते नीट बसायला तयार नव्हतं.

मग नांगराचा कागद. बाईंनी तो उजेडाकडे धरला, पहिली ओळ मनात वाचली आणि थांबल्या. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"हा जबाब आहे. सन चोवीसचा. तुमच्या भाऊबंदांनी मामलेदाराकडे अर्ज केलेला दिसतो. बाईमाणूस पालनकर्ती कशी, हिचा नवरा जिवंत आहे, रान पडीक टाकलंय, असा. त्याला दिलेलं हे उत्तर." आणि त्या सावकाश वाचू लागल्या.

"मी सरुबाई भ्रतार रामजी, वय अदमासे तीस, धंदा शेती, जबाब लिहून देते की, भाऊ व भावजय मानमोडीच्या साथीत एकाच आठवड्यात वारली. मी त्यांच्या शुश्रूषेस आले होते. नवरा न्यावयास आला. पोरास भाऊबंदांकडे ठेवून चल म्हणाला. मी गेले नाही. जमीन पडीक नाही, येऊन पाहावी. विहीर मी पाडविली, माती मी स्वतः वाहिली. मोट मी हाकते. दुपारी घरी जेवावयास गेले असता भाऊबंद पाट फोडून पाणी पळवितात. सबब भाकरी थारोळ्यावरच खाते. आज दोन वर्षे दुपारचे घरी जेवले नाही. निशाणी नांगराची."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. खाली कोणाच्या तरी स्कूटरला किक लागत नव्हती, तेवढाच आवाज येत होता.

"बायका बांगडी काढायच्या," बाई शेवटी म्हणाल्या. "निशाणी म्हणून. चाळीस वर्षं वाचतेय, शेकड्यांनी बांगड्या पाहिल्या. बाईच्या जबाबाखाली नांगर पहिल्यांदा बघतेय. आणि धंद्यासमोर घरकाम लिहितात, हिनं शेती लिहायला लावलंय." त्यांच्या आवाजातला खडूसपणा कुठे गेला होता कोण जाणे.

साईनाथ त्या नांगराकडे बघत बसला. सरळ दोन रेघा, एक तिरकी, रुमण्याची मूठ थोडी वाकडी. चार पिढ्यांनी हा नांगर पाहिला आणि चारही पिढ्यांनी ठरवलं की हा पुरुष आहे. त्यानेही ठरवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

चौथा कागद दोन ओळींचा निघाला. सन पस्तीस. सोनबा कचरू सज्ञान झाला, सबब पालनकर्ती सरुबाई हिचे नाव कमी केले.

"पुढे?" साईनाथने विचारलं.

"पुढे कागद नाही. दारावरची पाटी वाचलीत ना?" बाई म्हणाल्या. पण निघताना त्यांनी त्या जबाबाचं देवनागरीत सुवाच्य अक्षरात लिप्यंतर करून दिलं आणि वर बजावलं, "हे लॅमिनेट करू नका. सगळे करतात."

सरुबाई कधी गेली याची नोंद साईनाथने पुढचे पंधरा दिवस शोधली. अभिलेख कक्षात दोन रजा घालवल्या, मृत्यूची जुनी रजिस्टरं पालथी घातली. नाही सापडली. मग तो पुन्हा पोपटआबांच्या खाटेपाशी जाऊन बसला आणि काही न विचारता जबाब वाचून दाखवला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. 

"आबा, तुम्हाला माहीत होतं."

"सरूआत्या," आबा म्हणाले. "मी आठ-नऊ वर्साचा आसंन. कमरंत वाकल्याली. थारोळ्यावर बसून भाकरी खायाची. आमाला बी तुकडा द्यायाची."

"मग सांगितलं का नाहीत?"

"माज्या तीन भनी लग्नाच्या हुत्या. आत्या नांदली न्हाय म्हनलं की घरात सोयरीक कोन करतंय? बापानंच सांगितलं, हिचं नाव घ्यायचं न्हाय. कुनी इचारलं तर गडी म्हनायचं. आत्या गेल्यावर पान बी त्यानंच चालू केलं, गड्याचं म्हनून." आबांनी डोळे उघडले. "भनींची लग्नं झाली. मंग नाव काडायचं राहूनच गेलं. सवंच लागली."

साईनाथला सोनबाचा संताप आला. जिने नवरा सोडला, संसार सोडला, पाच वर्षांच्या पोराला आणि त्याच्या रानाला वाघिणीसारखं राखलं, तिचं नाव त्याच पोराने मिटवलं. घरी येऊन त्याने भिंतीवरची वंशावळ उतरवली आणि सोनबाच्या नावाकडे रागाने बघत बसला.

"पण बाबा," वैष्णवी म्हणाली, "पान त्यांनीच सुरू केलं ना? कोणाला सांगता येत नव्हतं, तरी भाकरी चुकवली नाही त्यांनी."

साईनाथने वंशावळ खाली ठेवली. आठ वर्षांचा सोनबा थारोळ्यावर आत्याशेजारी बसून भाकरी खातोय, हे त्याला लख्ख दिसलं. खीर-वडे न ठेवता भाकरी-ठेचाच का ठेवला, तेही कळलं. त्याचा राग पुरता गेला नाही, पण निम्म्यावर आला.

दशमी उजाडली. फ्लॅटमध्ये पहाटेपासून तळणाचा वास. पोपटआबांना लिफ्टने वर आणलं होतं. पानं ओळीने मांडून झाली. वैष्णवीने बाजरीच्या भाकरीचं पान तयार केलं आणि विचारलं, "आता ती घरची आहे म्हटल्यावर खीर, वडे वाढू का यावर?"

"वाढ की," आबा म्हणाले. "मानाची बाई हाय."

"नको," साईनाथ म्हणाला. "तिचं जेवण हेच आहे. चल माझ्याबरोबर."

दोघं विहिरीवर गेली. रानात पत्रे ठोकून झाले होते, पलीकडे मुरमाचा ढीग येऊन पडला होता. थारोळ्याच्या दगडावर दोरखंडाने पडलेल्या खोबणी अजून होत्या. साईनाथने पान थारोळ्यावर ठेवलं, हात जोडले. दर वर्षीप्रमाणे आता मागे न बघता निघायचं. पण तो तिथेच उभा राहिला.

"सरूआत्या," त्याने हाक मारली. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा आला. पत्र्यापलीकडचा वॉचमन उठून बघू लागला. "विहीर आता बुजवणार आहेत. पाट फोडायला कोणी यायचं नाही. राखायचं काही राहिलं नाही इथं." तो थारोळ्यापाशी वाकला. "घरी चल जेवायला."

मग त्याने पान उचललं आणि वैष्णवीच्या हातात दिलं. गाडीत तिने ते मांडीवर धरलं, हडपसरकडच्या गर्दीत पाऊण तास. ठेचा जराही सांडू दिला नाही. घरी आल्यावर साईनाथने कचरू आणि सोनबा यांच्या पानांमध्ये थोडी जागा केली आणि भाकरीचं पान तिथे मांडलं.