केरसुणीला बांधलेला धूमकेतू

माझ्या वहिनींइतकी शाबूत डोक्याची बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल, हे मी आज लेखी देतो. लेखी अशासाठी की, याच्या बरोबर उलटी गोष्ट मीच तोंडी सांगितली होती, आणि ती कळवणपासून लासलगावपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत पोचली आहे. वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मी त्यांचा धाकटा दीर, चौऱ्याहत्तरचा. भाऊ गेल्यापासून त्या तळमजल्यावर एकट्या राहतात, मी वर एकटा, आणि संध्याकाळी पाचचा चहा खाली, हा गेल्या नऊ वर्षांचा नियम.

वहिनींना कुठलीही नवी गोष्ट शिकायची तर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय जमत नाही. साठाव्या वर्षी स्कूटर शिकल्या, तेव्हा ब्रेकवर ‘हा’ आणि उजव्या मुठीवर ‘हा नव्हे’ अशा चिठ्ठ्या होत्या, आणि त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर त्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, भाजीबाजारात एकाही जुडीला धक्का न लावता जाऊन यायच्या. गावात नवीन आलेला माणूस कुठल्या गंगेवर म्हणून विचारायचा, तेव्हा ‘नाशिकला एकच आहे’ असं सांगून पुढे निघायच्या. बँकेचं कार्ड आलं तेव्हा पिन नंबरचीच चिठ्ठी कार्डाला चिकटवायला निघाल्या होत्या. ती मी हातातून काढून घेतली, तर दोन दिवस रुसल्या. त्यामुळे गेल्या वर्षी स्वयंपाकघरात पुन्हा चिठ्ठ्या दिसू लागल्या, तेव्हा मी आधी लक्ष दिलं नाही. मग वाचल्या. हळदीच्या डब्यावर ‘ताइयो’. साखरेवर ‘त्सुकी’. तिखटावर ‘कासेई’, मोहरीवर ‘होशी’, बेदाण्यांच्या बरणीवर ‘इनसेकी’. कोपऱ्यातल्या केरसुणीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, ‘होकिबोशी’. त्यातच एका संध्याकाळी त्या पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाल्या, “भाऊजी, ती कासेई द्या जरा.” मी विचारलं, काय? त्या दचकल्या, “तिखट, तिखट” म्हणाल्या आणि उगाच हसल्या.

मी घाबरलो. वर जाऊन पुतण्याला फोन लावला. तो ओसाकाला असतो, सून तिकडचीच, आणि सहा वर्षांची नात फक्त जपानी बोलते. वहिनी पुढच्या महिन्यात एकट्याच त्यांच्याकडे निघाल्या होत्या, तिकीट झालं होतं, बॅगही अर्धी भरली होती. मी सांगितलं, आईला भ्रम होतोय, डब्यांवर काहीबाही लिहिते, तिखटाला भलतंच म्हणते. तो मंगळवार होता. इथपर्यंत मला कोणी दोष देणार नाही.

बुधवारी चहाला गेलो तर वहिनींनी माझ्या हातात वही दिली. “आता सरप्राइझ राहू द्या, पाठांतर घ्यायला माणूस नाही. तुम्ही विचारा, मी सांगते.” वहीत सूर्य, चंद्र, मंगळ, तारा, उल्का यांची जपानी नावं देवनागरीत लिहिलेली. नातीला तेव्हा ग्रहताऱ्यांचं वेड होतं. फोनवर ती चित्रांचं पुस्तक दाखवत भराभर बोलायची आणि आजी नुसती मान हलवायची. म्हणून आजीने मोबाइलवर बघून फक्त अवकाशाचे शब्द उचलले होते. पाण्याला काय म्हणतात ते येत नव्हतं. विमानतळावर तहान लागली असती तर त्या तशाच बसून राहिल्या असत्या, पण ग्रहण लागलं असतं तर सगळ्यात आधी त्यांनीच कळवलं असतं. मोकुसेई म्हणजे गुरू, तो गुरुवारी उपासाचे शेंगदाणे भाजताना पाठ करायचा. दोसेई म्हणजे शनी, तो शनिवारी. “त्यांचेही वार आपल्यासारखेच, भाऊजी. गुरुवार गुरूचा, शनिवार शनीचा. आकाशगंगेलाही ते नदीच म्हणतात. मग परके कसले?” आणि केरसुणी? तर धूमकेतूला ते केरसुणीचा तारा म्हणतात.

मी लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. वहिनी तीन महिने गेल्या तर पाच वाजता मी कुठे जाऊन बसणार, एवढाच विचार होता. शुक्रवारी पुतण्याने रजा मिळत नाही असं खोटंच सांगून तिकीट रद्द केलं. वहिनींनी बॅग रिकामी केली, बेदाणे पुन्हा बरणीत भरले आणि म्हणाल्या, बरं झालं, आणखी शब्द होतील.

शब्द झालेही. पण बातमीही फिरली. कोणी बदाम आणून दिले, कोणी डोक्याला लावायचं तेल. लासलगावच्या लग्नात एक मावससासू जवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या, “मला ओळखलंस का?” वहिनी म्हणाल्या, “ओळखलं ना. माझी पैठणी नेलीत ती अजून आली नाही.” घरी येताना मला म्हणाल्या, “हल्ली जो तो मला आज वार कोणता विचारतो. लोकांच्या घरी कॅलेंडरं नाहीत का?”

अकरा महिन्यांनी एका संध्याकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता त्या थांबल्या. “भाऊजी, खरं सांगा. माझं डोकं जातंय का? तुम्ही रोज बघता मला. तुम्ही म्हणाल ते मी मानेन.”

मग मी सगळं सांगितलं. बुधवारचंही सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला, चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. “साखर घातलेली नाही. तसाच प्या.” मी प्यालो. “आता त्याला फोन करा, माझ्यासमोर. आणि नंतर बाकीच्यांनाही कळवा. लिहून.”

वहिनी गेल्या महिन्यात ओसाकाला पोचल्या. परवा व्हिडिओ कॉलवर हसत सांगत होत्या, “भाऊजी, हिचे तारे संपले. आता हिला भुंगे लागतात, शिंगांचे. कालपासून मी भुंगे पाठ करतेय.” मागे नात एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन नाचत होती. वहिनी खरंच हसत होत्या. मला मात्र हसता आलं नाही. ते वर्ष मी खाल्लं.

खालच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. पाच वाजता जातो, तुळशीला पाणी घालतो, केरसुणी फिरवताना चिठ्ठी फाटणार नाही असं बघतो आणि वही उघडून पाठांतर करतो. त्या परत आल्यावर ताऱ्यांबद्दल बोलायला घरात कोणीतरी हवं. चहाही करतो. ताइयो, होशी, कासेई सगळे आपापल्या जागी आहेत. फक्त त्सुकीच्या, म्हणजे साखरेच्या, डब्याला मी हात लावत नाही.