वळणावरचा हॉर्न

माझ्या घरच्या वाईट दिवसांत मला आणि माझ्या धाकट्या भावाला सांभाळलं ते एका बसच्या ड्रायव्हरने. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगायला लागले की माझा जीव घाबरा होतो, आणि ज्याचं नाव पहिलं घ्यायचं तोच माणूस शेवटी राहून जातो. नाव म्हणजे आम्ही पोरं त्यांना नुसतं डायवरमामा म्हणायचो.

"भियेव नको, ब्रेक माझ्या पायाखाली आसा." हे त्यांचं वाक्य. कोलवाळच्या पुलावर गाडी चढली की एखादी म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागायची, तिला ते आरशातून हे सांगायचे. गाडी सुरू व्हायच्या आधी रडणाऱ्या पोरालाही हेच. एकदा टोपलीत कोंबडी ओरडत होती, तर मागे वळून तिलासुद्धा. सगळी बस हसली. ते हसले नाहीत.

अंगाने काटकुळे. खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. काचेवर रोज ताजी अबोलीची वेणी, आणि स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्याच हाताने गाडीला नमस्कार. असे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. म्हापसा ते तुये ही त्यांची लाइन, आणि तुयेच्या अलीकडे जे मोठं वळण आहे त्याच्या खाली आमची वाडी. मामांचं घरही त्याच वाडीत, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

आम्ही मूळचे पलीकडचे, सावंतवाडीच्या बाजूचे. गोवा मोकळा झाल्यावर आजोबांनी इथे थोडी जागा घेतली. पणजोबा पलटणीत, आजोबा पलटणीत, बाबा पलटणीत. आमच्या घरात पुरुष राहायला नसायचेच, ते रजेवर यायचे. आले की आई गोड करायची, गेले की आठवडाभर कुणाशी नीट बोलायची नाही. बाबांचा चेहरा मला दर वेळी नव्याने पाठ करावा लागायचा. धाकटा तर एका रजेत त्यांना "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारून मोकळा झाला होता.

त्या काळात आमच्याकडे फोन कुठला? बाबा बेळगावमार्गे यायचे, म्हापशाला उतरायचे आणि मामांच्या बसमध्ये बसायचे. बस वळणावर आली की मामा तीनदा लांब हॉर्न मारायचे. ते आमच्यासाठी असायचं. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत आईच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या असायचाच. रस्त्यावरच बाबांवरून ओवाळून टाकायची आणि मग त्यांना घरी न्यायची. दर भाऊबीजेला आई मामांना ओवाळायची. म्हणायची, "दादा, तुमच्या हॉर्नाइतकं गोड मी काही ऐकलं नाही." मामा लाजून ताटातला लाडू खिशात घालायचे.

बाबांच्या आधी त्यांची ट्रंक ओळखू यायची. काळी, पत्र्याची, मूळची आजोबांची. आजोबांचं नाव खरवडून त्यावर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव घातलेलं. एका कोपऱ्याला मोठा पोचा होता. आजोबा सांगायचे, तो ब्रह्मदेशातल्या लढाईत पडला. आई सांगायची, बांद्याला बैलगाडीतून पडली तेव्हा पडला. ट्रंक बसच्या टपावर चढवताना मामा स्वतः खाली उतरून बघायचे, आणि किलिंडरला, म्हणजे गाडीच्या क्लीनरला, ओरडायचे, "सांभाळून रे, सरकारची पेटी ती!"

मी सातवीत असताना बाबांची पलटण श्रीलंकेत गेली. मग बातम्या येणं थांबलं. आई रेडिओ लावायची आणि लगेच बंद करायची. दुपारी बसच्या वेळेला तिचा हात कामात असला तरी कान वळणाकडे असायचा. मामा तिला रोज तिथूनच, गाडी न थांबवता, मान हलवून दाखवायचे. म्हणजे आज नाही.

आणि एका शुक्रवारी हॉर्न वाजला. तीनदा. लांब.

आई चुलीपुढून उठली ती भाकरी तव्यावर तशीच टाकून. शिळ्या भाकरीचा तुकडा घेतला, तांब्या घेतला, आणि आम्ही धावत सुटलो. वाडीतल्या दोन-चार बायका मागोमाग आल्या. बस वळणावर थांबलेली. मामा खिडकीतून हसत होते. किलिंडरने टपावरून ट्रंक खाली दिली. तीच, पोचा असलेली. धाकट्याने तर तिच्यावर उडीच मारली.

मागच्या दाराने हिरव्या कपड्यांतला एक माणूस उतरला. ते बाबा नव्हते.

त्याने आईच्या हातातला तांब्या बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली. आई मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती म्हणाली, "मागे राहिले असतील, गर्दी आहे." आणि बसमध्ये चढली. म्हापशाचा बाजार करून आलेली माणसं, पिशव्या, टोपल्या, सगळ्यांतून वाट काढत, तांब्यातलं पाणी सांडत, ती एकेक बाकडं बघत शेवटपर्यंत गेली. मग परत पुढे आली. कुणी "बाय, काय झालां?" म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

तो जवान कारापूरचा, बाबांच्याच तुकडीतला. तो आईला म्हणाला, "वहिनी, ते जिवंत आहेत. पुण्याला लष्करी इस्पितळात आहेत. सुरुंगावर पाय पडला. मी रजेवर येत होतो म्हणून सामान आणलं. तुम्हाला तार मिळाली नाही?" तार गेली होती आजोबांच्या जुन्या गावी, तिथल्या बंद घराच्या दारात.

आई रस्त्यातच ट्रंकेवर बसली. मामा खाली उतरले. त्यांनी विचारलं एवढंच, "ताय, पुण्याक जातलंस?" आईने आमच्याकडे बघितलं. मामा म्हणाले, "पोरां माझी. तू जा."

त्याच बसने, तुयेहून ती परत फिरली तेव्हा, त्यांनी आईला म्हापशाला नेलं आणि पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.

आम्ही त्यांच्या घरी राहिलो. मामींना स्वतःची तीन पोरं, त्यांत आम्ही दोघं. मामा म्हापशाहून येताना उंडे, म्हणजे गोल पाव, आणायचे, आणि आधी आमच्या हातात द्यायचे, मग त्यांच्या पोरांच्या. त्यांच्या मुलीने एकदा तोंड वाकडं केलं तर मामी म्हणाल्या, "तुझो बापूस तुका रोज दिसता मगो?" मी माझा उंडा मोडून अर्धा तिच्या हातात दिला.

मामा मात्र बदलले. जेवताना मध्येच थांबायचे. एकदा मामींना म्हणाले, मी ऐकत होते, "माका तोंड बघूक होया होता. मी पेटी बघून हॉर्न मारलंय. मागसून कपडे हिरवे दिसले, म्हटलंय तोच." मामी म्हणाल्या, "शुक्रवारची गर्दी, कोणाक दिसतला?" ते म्हणाले, "आरसो कित्याक दिलोहा माका?"

त्यानंतर त्या वळणावर त्यांनी हॉर्न मारला नाही. कुणासाठीच नाही. आखातातून कुणी पेट्या घेऊन यायचा, म्हणायचा, "मामा, मार की एकदा, घरच्यांका कळांदी." मामा म्हणायचे, "पाय आसत मा तुका? चलत जा आणि सांग." समोरून ट्रक आला तरी ते गाडी इतकी हळू करायचे की हॉर्नची गरजच पडायची नाही. आणि ब्रेकचं ते वाक्यही बंद झालं. म्हाताऱ्या पुलावर देवाचं नाव घ्यायच्या, आपल्या आपणच.

मला रोज वाटायचं, आता बाबा मेले तरी आपल्याला कसं कळणार? आणि आले तरी कसं कळणार? दुपारी मी वळणाकडे कान लावून बसायचे. इंजिनाचा आवाज यायचा आणि जायचा.

एक दिवस तो आवाज आला, पण गेला नाही. वळणावरच घुरघुरत राहिला. मी मामींच्या अंगणात भांडी घासत होते. बघते तर मामा उतरणीवरून चालत येतायत. भरलेली बस रस्त्यात उभी, आणि ड्रायव्हर खाली. वरून एक मासेवाली ओरडत होती, "रे डायवरा, गाडी ठेवन खंय गेलंस? माझा म्हावरा कुसतला!"

मामा आमच्यापुढे उकिडवे बसले. धापा टाकत होते. धाकट्याचा हात एका हातात घेतला, माझा राखेने भरलेला दुसऱ्या हातात.

"बाबा इलो तुमचो," ते म्हणाले. "मी तोंड बघून इलंय. हात लावून बघलंय. तोच आसा."

मी उठायला लागले. त्यांनी हात सोडला नाही.

"आदी ऐका. त्येचो एक पाय नाय. उजवो. गुडघ्याखाली नाय. तो वर बसमदी बसलोहा आणि तुमका भिता. कळला? तुम्ही त्येका भियेव नको आणि तो तुमका. रडायचां तां हंय रडा, माझ्याकडे. मगे वर जावया."

आम्ही रडलो. बस वर घुरघुरत होती. मासेवालीला कुणीतरी काय ते सांगितलं असावं, तिचा आवाज बंद झाला होता. मग मामांनी आपल्या गळ्यातल्या पंच्याने आमची तोंडं पुसली आणि आम्हाला वर नेलं. बाबा पुढच्या सीटवर होते, आई शेजारी. धाकटा धीट. तो थेट बाबांच्या मांडीवर चढला, नसलेल्या पायाच्या बाजूने. मामींनी भाकरतुकडा आणला होता. तो आईने ओवाळला.

तुम्हाला वाटेल, इथे सगळं बरं झालं. तसं झालं नाही. बाबा घराबाहेर पडेनात. खोटा पाय कोपऱ्यात उभा करून ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. आई काजूच्या कारखान्यात जायला लागली आणि बाबांना एकटं सोडायची भीती म्हणून नववीत माझी शाळा सुटली. तेव्हाही मामाच दारात आले. म्हणाले, "फौजी, माझी डावी नजर कमी झाली. पुढच्या सीटवर बसा आणि साइड सांगा. नायतर माणसां मारतलंय मी." खोटं होतं. नजर तेव्हा चांगली होती. पण बाबा पाय बांधून निघाले. पुढे कितीतरी दिवस ते म्हापसा ते तुये फेऱ्या मारत राहिले, "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत. शेवटची दोन वर्षं ते घरात हसत होते, ती त्या सीटमुळे.

बाबा गेले. मी तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. तो बंद पडायला आला तेव्हा साहेबांनी इकडे, वडोदऱ्याच्या युनिटमध्ये पाठवलं. खोलीखालून दिवसभर ट्रक जातात. लांब हॉर्न वाजला की अजून माझ्या हातातलं काम थांबतं.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. ती बस आता नाही. नव्या गाड्या वळणावर वेग कमी करत नाहीत. मामांची नजर आता खरंच गेलीय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला मात्र तयार होत नाहीत. मुलं समजावून थकली. भावाला म्हणाले, "थंय आडवो पाडतत. पायाखाली ब्रेक नसता रे."

मी दिवाळीला रजा मागितलीय. मिळेल की नाही, या काळजीने झोप लागत नाही. नाही मिळाली तर शिमग्याला जाईन, पण जाईन. म्हापशाहून फोन करणार नाही. वळणावर उतरेन आणि चालत त्यांच्या दारात जाईन. त्यांना दिसणार नाही, म्हणून हात त्यांच्या हातात देईन, तोंडावरून फिरवू देईन, आणि मग सांगेन, मामा, मीच आसंय. इस्पितळात त्यांना आडवं करतील तेव्हा पायाशी उभी राहीन, आणि त्यांचे दोन्ही पाय माझ्या हातांवर घट्ट टेकवून धरीन.