दीडपट वेगाने कॅल्क्युलस

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या लायब्ररीत दर बुधवारी सकाळी आम्ही तिघे निवृत्त म्हातारे कॉफी घेऊन बसतो. ठरवतो राजकारणावर बोलायचं, घसरतो नातवंडांवर. या वर्षी तर एकाच विषयाचे इतके किस्से साठले की बाकीचे दोघे ते घरोघर सांगत सुटलेत. माझी बाजू कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसलो.

तिघे म्हणजे देशमुख, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कामत, आमच्याच गल्लीत राहणारे निवृत्त फार्मासिस्ट. आणि मी, गणितात पीएच.डी., पुण्यात चौतीस वर्षं प्राध्यापक. दोघेही मला 'सर' म्हणतात. ते आदराने की सवयीने, हे मी अजून विचारलेलं नाही.

*

सुरुवात देशमुखांनी केली. "आमचा अर्णव युनिव्हर्सिटीचा पेपर करतोय. शाळेत असतानाच."

इथे युनिव्हर्सिटीच्या एका विषयाला पेपर म्हणतात. शाळेच्या शेवटच्या वर्षात हुशार मुलाला असा एखादा पेपर करू देतात. पास झालं तर पुढे डिग्रीत ते क्रेडिट धरतात. नापास झालं तर तेही रेकॉर्डवर राहतं.

"तुमच्या सईचं काय, सर?" देशमुखांनी विचारलं. माझी नात अर्णवच्याच वर्गात आहे.

मी घरी येऊन सईला म्हटलं, "तूही असा एखादा पेपर कर."

"ऑलरेडी करतेय, आजोबा. मॅथ्स. तीन आठवडे झाले."

मी सुनेकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही टाइमटेबल केलं असतं."

रात्रीच्या जेवणापर्यंत मी केलंही होतं.

*

आता कबूल करतो. मला तिचा हेवा वाटला. जी प्रमेयं मी एकोणिसाव्या वर्षी थंडीत पहाटे उठून, कॉलेजच्या लायब्ररीतल्या एकुलत्या एका प्रतीतून उतरवून घेतली, ती ही सतराव्या वर्षी स्विमिंगहून आल्यावर ओल्या केसांनी, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, सोफ्यावर आडवी होऊन ऐकत होती.

लेक्चर देणारा माणूस फारच भरभर बोलत होता. मी म्हटलं, "याला घाई कसली आहे?"

"मी दीडपट स्पीडवर ऐकते."

एका प्राध्यापकाला दीडपट! मला त्या अनोळखी माणसाची दया आली. तरी राहवलं नाही. "मी शिकवत असतो तर किती वेगाने ऐकलं असतंस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "टू एक्स."

*

एकदाच ती वही घेऊन माझ्याकडे आली. असाइनमेंटमधला सहावा प्रश्न. मी म्हटलं, प्रश्न सोडवण्याआधी पाया पक्का हवा. संख्या म्हणजे काय, इथून सुरुवात केली. पाऊण तास छान गेला. फळ्याची उणीव भासली, एवढंच.

सई घड्याळाकडे बघत म्हणाली, "आजोबा, हे पाच वाजता सबमिट करायचंय."

पाचला सात मिनिटं होती.

*

त्यानंतर ती कामतांकडे जायला लागली.

हे मला देशमुखांकडून कळलं. ते आनंदाने म्हणाले, "सर, तुमची ट्यूशन कामतांनी पळवली."

कामतांचं गणित बारावीला सुटलं. मी एका संध्याकाळी डबा परत करायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो. कामत फिजोआ कापून चमच्याने गर काढत होते. इथे एप्रिल-मेच्या शरदात घरोघर या हिरव्या फळांचा ढीग पडतो. सई टेबलावर कागद पसरून बोलत होती.

"थांब थांब," कामत म्हणाले, "हे वरचं खाली कुठून आलं? मला काही कळलं नाही."

तिने सांगितलं. कामतांना परत कळलं नाही. तिने परत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना स्वतःच थांबली. "ओ वेट. मीच चुकलेय."

घरी येताना मी सुनेला फोन करून म्हटलं, "ज्याला काही येत नाही त्याच्याकडे ती शिकायला जाते." सून म्हणाली, "हो ना. तिला तिथे बरं वाटतं."

मला एवढंच हवं होतं की तिने आणखी एकदा, फक्त एकदा, मला काहीतरी विचारावं.

*

विचारलं तर येईल का, ही भीती वेगळीच. मी त्या पेपरचा जुना प्रश्नसंच छापून घेतला आणि मंगळवारी लायब्ररीत घड्याळ लावून बसलो. मंगळवारी ओळखीचं कुणी येत नाही. कडक तपासल्यावर अठ्ठावन्न मार्क पडले. परत तपासल्यावर एकसष्ट. चौतीस वर्षांत एकाही मुलाला मी असे वाढवून दिले नव्हते.

नेमके देशमुख आले. "काय सर, परीक्षा?"

"शब्दकोडं," मी म्हटलं.

"मग घड्याळ कशाला?"

*

परीक्षा जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात होती. मुलगा आणि सून दोघांचीही हॉस्पिटलमध्ये ड्युटी, म्हणून ट्रेनने सईबरोबर मी गेलो. दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता. हॉलबाहेर सगळी मोठी मुलं, त्यांत शाळेच्या युनिफॉर्ममध्ये ही एकटी. चेहरा पांढरा पडलेला.

दार उघडायला दहा मिनिटं असताना तिने माझी बाही धरली. "आजोबा, मीन व्हॅल्यू थिअरम. पटकन सांगा. मी ब्लँक झालेय."

हे प्रमेय मी चौतीस वर्षं दर वर्षी शिकवलं आहे. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. पहिला शब्दसुद्धा नाही.

"मला आठवत नाहीये," मी म्हटलं.

सईने माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू म्हणाली, "ओके. समजा, आपली ट्रेन ॲव्हरेज तीसच्या स्पीडने आली. मग मध्ये कुठेतरी, एका क्षणी तरी, तिचा स्पीड एक्झॅक्टली तीस असणारच. राइट?" आणि वाफाळत्या श्वासात तिने अख्खं प्रमेय अटींसकट सांगितलं. एकही अट सुटली नाही.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं."

"स्वीट ॲज," म्हणाली, म्हणजे इथल्या मुलांच्या भाषेत 'मस्त', आणि आत गेली.

ती पास झाली, उत्तम झाली. बुधवारी कामत माझ्याशेजारी येऊन बसले. सईने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"सर," ते म्हणाले, "मला खरंच येत नाही, म्हणून मी तिला विचारतो. तुम्ही येत असून नाही म्हणालात. तेही ऐन परीक्षेच्या दारात. मला नसतं जमलं."

आवाजात कौतुक होतं, पण चेहरा जरा ओढलेला. तो हेव्याचा चेहरा मी गेले काही महिने घरच्या आरशात पाहत होतो.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मग तसाच कॉफीचा घोट घेतला.