ताईचा कॅमेरा आणि आईचा फोटो

रविवारी घाटंजीच्या पुढे ताईच्या गावी गेलो होतो. भाऊबीजेला दिलेला डिजिटल कॅमेरा तिला कसा जमतोय ते बघायला... म्हणजे खरं सांगायचं तर स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायला.

कारण तो निवडण्यात मी दीड महिना घातला होता. ऑफिसात, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला मेगापिक्सेल विचारत सुटलो होतो. बायको म्हणाली, एवढ्या चौकशा तर मला बघायला आलात तेव्हाही केल्या नव्हत्या.

ताईला कॅमेरा हवा होता तो एकाच कारणासाठी. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड एक फोटो घरात सापडला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा केला, त्यात शेजारच्या माणसाचा खांदाही आला.

आईचं असं होऊ द्यायचं नाही, हे ताईनं तेव्हाच ठरवलं. आईला माझ्याकडे यवतमाळात करमत नाही म्हणून ती ताईकडेच असते, आणि या पावसाळ्यापासून ती फार वाळलीय. मला आतून भीती वाटत होती... बोलत नव्हतो एवढंच.

ताईनं आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. म्हणून मला सोपा, दणकट आणि खिशाला झेपेल असा हवा होता. यंदा कापसाची जी गत आहे त्यात खिसा म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

यवतमाळच्या दुकानात एक चपटा, चकचकीत, चार्जरवाला कॅमेरा माझ्या मनात भरला. पैसे काढणारच होतो... सोबत मनोहरभाऊ होते. आमच्याच ऑफिसातले, सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढतात. त्यांनी एकच विचारलं, "ताईच्या गावाले लाइन किती घंटे राह्यते?"

मी पाकीट परत खिशात ठेवलं. तिकडे लोडशेडिंग असं की लाइन आली की माणूस आधी मोटर सुरू करायला शेताकडे पळतो, चार्जर कोण लावत बसणार?

मग पेन्सिल सेलवर चालणारा, जाडजूड, साबणाच्या वडीसारखा कॅमेरा घेतला. सेल लवकर उतरतात खरे, पण गावच्या किराणा दुकानात मिळतात तरी. बटण ऑटोवर ठेवायचं आणि बाकी सगळं विसरून जायचं, असं मनोहरभाऊंनी बजावलं. दुकानदारानं एक छोटं मेमरी कार्डही फुकट दिलं.

भाऊबीजेला ताईनं ओवाळलं, मी कॅमेऱ्याचा खोका तिच्या हातात दिला आणि झूम, फ्लॅश, मेगापिक्सेल यावर अर्धा तास भाषण ठोकलं. ती बिचारी मान हलवत राहिली.

पुढे फोनवर कळायचं की आई फोटोला बसतच नाही. मला वाटलं, जुनी माणसं... फोटो म्हटला की त्यांना भिंत आणि हारच दिसत असेल. मीही जोर केला नाही.

रविवारी पोचलो तर ताईच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. भाव चढेल या आशेनं यंदा गावात सगळ्यांनीच घरात भरून ठेवलाय. उरलेल्या जागेत आईची बाज. आणि कॅमेरा ट्रंकेत, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला.

सुरू करून पाहिला... तीन महिन्यांत फक्त अकरा फोटो. एक गायीचा, एक भाचीच्या शाळेतल्या नाचाचा, दोन हळदीकुंकवाचे. सगळे नेटके, एकही वाया गेलेला नाही. पण मला रागच आला. म्हटलं, "काहून काढत नाहीस तू?"

"जपून काढून राह्यली ना बाबू. थो कोपऱ्यातला आकडा पाह्य, एक काढला का एक कमी होते. रोल सरला तं घाटंजीले मिळन का?"

मी कपाळाला हात लावला. अर्धा तास बोललो, आणि यात रोलच नसतो एवढं सांगायचं राहूनच गेलं. ताईनं जवळून पाहिलेला फोटोग्राफर एकच, तिच्या लग्नातला, छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवणारा... तिची काय चूक?

मग समजावलं. कार्ड भरलं की मी कॉम्प्युटरवर उतरवून घेईन, तेच कार्ड पुन्हा कोरं. वाईट आला तर इथेच पुसून टाकायचा.

बाजेवरून आई ऐकत होती. "म्हंजे हे सरतच नाही?"

"नाही सरत, आई."

"मंग पह्यलेच सांगाचं ना. मी म्हनलं, म्हातारीवर कायले घालवता... पोरायचे काढा."

तर हे होतं. भीती नाही, काही नाही. भाजी कमी पडली की ती 'मले भूक नाही' म्हणायची, तसाच स्वतःच्या वाट्याचा फोटो सोडून बसली होती. मी उठून बाहेर गेलो, उगाच माठातलं पाणी प्यायलो.

आत आलो तर आईनं तोंड धुऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ताईनं तिला कापसाच्या ढिगापुढे बसवलं, मागे सगळं पांढरंशुभ्र. आधी ती ताठ बसली, अंगठा द्यायला बोलावल्यासारखी. ताई मात्र थांबेचना. विसाव्या-पंचविसाव्या फोटोला आई बोळक्या तोंडानं हसली... किती दिवसांनी.

ताईनं स्क्रीन तिच्यापुढे धरली. आईनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब केला, परत जवळ घेतला. मग हळूच म्हणाली, "हे तं माही माय हाये."

आजी आम्हा भावंडांच्या जन्माआधीच गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. ती म्हातारपणी कशी दिसायची, हे इतकी वर्षं एकट्या आईलाच माहीत होतं... रविवारी दुपारी आम्हालाही कळलं.